टोरीच्या तेलाची बाटली

रोवण्यात, भाताच्या लावणीत, चिखल्या कोणाला चुकत नाहीत. दिवसभर शेताच्या बांधीतल्या पाण्यात उभं राहिलं की बोटांच्या बेचक्या कुजतात, आणि संध्याकाळी टोरीचं, म्हणजे मोहाच्या बियांचं तेल कोमट करून लावावं लागतं. आमच्या करडी गावात हे पोरासोरांनाही माहीत आहे. पण फौजेतही चिखल्या होतात, हे मला माझ्या धाकट्या भावामुळे, अश्विनमुळे कळलं.

तो फोनवर हसत सांगायचा, "ताई, आमचे मेजर साहेब रोज सांजेले खाली बसतेत अन् एकेकाचे पाय पाहतेत. बोटं फाकवून पाहतेत!"

"काहून? त्यायले दुसरं काम नाही का?" मी म्हणायची. साहेब लोकांचं मला कधीच कौतुक नव्हतं.

अश्विनच्या पायाची करंगळी बाजूच्या बोटावर चढलेली होती, थेट मायसारखी. बूट तिथेच चावायचा आणि हा शहाणा मुकाट सोसायचा. साहेबांनी ते पाहिलं आणि त्याच्यासाठी रुंद बूट मागवले. त्या दिवसापासून माय निर्धास्त झाली. "जो पोराचे पाय पाहते, तो पोराले सांभाळते," असं गावभर सांगायची. अश्विन सुट्टीवर आला की सोबत न्यायला तिने तेलाची एक बाटली भरून ठेवली.

उन्हाळ्याच्या शेवटी, अश्विन होता तिकडे डोंगरात दरड कोसळली. पेटी आली ती बंदच. उघडू नका, ओळख पटली आहे, एवढंच सोबतच्या जवानांनी सांगितलं. बाबांनी अग्नी दिला. माय दारातून हलली नाही.

"न पाहता कसं म्हणू का माया पोरगा होता? दरडीत किती जण सापडले. लोकायची चूक होत नाही का?"

मी समजावलं, चिडले, रडले. ती ऐकेना. बाटलीला कुणाला हात लावू देईना. खरं सांगते, मलाही वाटायचं, होऊ दे चूक. सरकारी कामात एवढ्या चुका होतात, एक आमच्या वाटणीची होऊ दे.

रोवणा सुरू असताना मेजर साहेब आले. लातूरकडचे होते, पण पहिली सुट्टी मिळताच घरी न जाता आधी आमच्याकडे आले. आम्ही बांधीत होतो. मी मनात शिव्या तयारच ठेवल्या होत्या. माय चिखलातून धुऱ्यावर, शेताच्या बांधावर चढली आणि साहेबांची नजर तिच्या अनवाणी पायांवर गेली. करंगळीवर खिळली ती हलेचना. त्यांचा चेहरा पांढरा पडला.

"काय पाहता साहेब?" मायने विचारलं.

साहेबांनी नजर उचलून तिच्याकडे पाहिलं.

"सांगा ना. पेटीत कोण होता? तुमी पाहलं होतं का?"

"मीच ओळखलं, आई," ते हळू म्हणाले. "चेहऱ्यावरून कळत नव्हतं. मी बूट काढला. ते पाय मी रोज बघत होतो. करंगळी... अशीच होती."

माझ्या शिव्या तोंडातच राहिल्या. दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर मायने उडवून लावलं असतं. पण या माणसाची चूक होणार नाही, हे तिनेच आम्हाला बजावून बजावून सांगितलं होतं. त्यांनी आमच्या पोराकडे जरा दुर्लक्ष केलं असतं, तर आम्हाला आशा तरी उरली असती. मला त्यांचा राग आला आणि त्यांच्या पाया पडावंसंही वाटलं.

माय धुऱ्यावर बसली आणि पहिल्यांदा रडली. मोठ्याने, अश्विनचं नाव घेऊन. साहेब तिच्या शेजारी चिखलातच बसून राहिले.

घरी आल्यावर तिने फळीवरची बाटली काढली, पदराने पुसली आणि साहेबांच्या हातात दिली.

"कोमट करून लावाचं," ती म्हणाली. "बाकीच्या पोरायले. अन् त्यायचे पाय पाहत जाजा, साहेब."