अर्ध्या पुलापर्यंत

“मधी जरा फुगीर करा की, म्याडम,” येडू नकाशावर बोट ठेवून म्हणाला. “दोघं निवांत उबी ऱ्हातील येवढं.”

पुलाच्या इंजिनीअर इंद्रायणी मॅडमनी नकाशा गाडीच्या बॉनेटवर पसरला होता. सीना नदीवरचा जुना पूल पुरात गेला होता आणि त्या जागी चालणाऱ्यांसाठी, सायकलींसाठी नवा होणार होता. येडू तिथला रखवालदार. सिमेंट राखायचं सोडून म्हातारा नकाशात कशाला नाक खुपसतो, म्हणून मुकादम हसला. मॅडमनी मात्र कारण विचारलं.

कारण त्याची लेक होती. वच्छलाला पलीकडच्या गावात दिलेली. लेकीला मूल झाल्याशिवाय तिच्या सासरचं पाणी प्यायचं नाही, ही येडूच्या घरची रीत. मूल काही झालं नाही, म्हणून तो तिच्या घरी कधी गेलाच नाही. मग दर बाजाराला तो अर्ध्या पुलापर्यंत जायचा, ती सायकलवरून यायची आणि कठड्याला टेकून दोघं बोलायची. रीतीचा तो पक्का होता, म्हणजे सरळ सांगायचं तर हट्टी होता.

मॅडमनी पेन्सिलीनं पुलाला मधोमध पोट काढलं.

काम सुरू झालं. संध्याकाळी वच्छला पलीकडच्या काठावर येई, येडू अलीकडे उभा राही आणि दोघं फोनवर बोलत. पाण्यावर ऊन पिवळं पडलं की येडूला नसलेला पूल दिसू लागे. त्यावरून तो अलगद चालत जाई. पाय कशालाच टेकत नसत आणि समोरून परकरातली वच्छला धावत येत असे. मग फोनमधून पोक्त बाईचा आवाज येई. एके संध्याकाळी वच्छला म्हणाली,

“आबा, मधी जागा करून घेतलीत म्हनं.”

“व्हय. तुज्यासाठीच की.”

पलीकडच्या काठावर ती दगडावर बसली.

“सासू बी कदी टोचून बोलली न्हाय मला. पर तुमी अर्ध्यातनं माघारी फिरला की वाटायचं, कूस उजवली न्हाय म्हनून बापानं बी अर्ध्यावरच सोडलं.”

इतकी वर्षं आपण लेकीला भेटायला जातो, असंच येडू समजत होता. त्या रात्री त्याला जेवण गेलं नाही.

पूल झाला. मधलं पोट छान उतरलं होतं. मॅडमनी तिथं बाकसुद्धा बसवलं होतं. वच्छला सायकल टेकवून उभी होती. बापाला येताना पाहून ती बाकावर सरकून बसली.

येडू बसला नाही. त्यानं तिच्या सायकलचं हँडल धरलं आणि ती ढकलत तो पुढे चालू लागला.

“आबा, कुटं?”

“तुज्या घरी.”

ती मागून चालत राहिली. पुलाखालून नदी संथ वाहत होती आणि पलीकडचा काठ, इतकी वर्षं लांबून पाहिलेला, हळूहळू जवळ येत होता.

ओसरीवर येडू टेकला. वच्छलानं तांब्या-भांडं आणलं. भांड्यात ओतताना थोडं पाणी सांडलं. तो डोळे मिटून घोट घोट प्यायला आणि त्यानं भांडं पुन्हा पुढं केलं.

“आनखी दे.”