सात किलो आठशे

काटा सात किलो आठशेच्या पुढे गेला नाही, तर दीड वर्षाच्या कुपोषित ओमला घेऊन सुवर्णाला पंधरा दिवस दवाखान्यात राहावं लागणार होतं, आणि मोठ्या दोन मुलींकडे बघायला घरी कुणीच नव्हतं. म्हणून गेले सहा आठवडे, सुवर्णा फुलं तोडायला गेली की मळ्यातलं एकेक घर पाळीपाळीने ओमला दर तीन तासांनी भरवत होतं.

आज वजनाला मळ्यातल्या सगळ्याजणी अंगणवाडीत हजर होत्या. अंगणवाडीताई योगिनीने ओमला काट्यावर बसवलं.

"सात किलो आठशे साठ!"

"माझ्या शेंगदाण्याच्या लाडवाचं वजन हाय ते!" रंगूबाई ओरडल्या.

"आन् माझी खिचडी काय हवेत गेली?" कुसाबाईंनी विचारलं.

योगिनीलाही नाचावंसं वाटत होतं. तेवढ्यात ओमच्या झबल्याखाली तिला चांदीचा करदोडा दिसला.

"रंगूआजी, हा कधी घातला?"

"काल. पोरानं बाळसं धरलं, नजर लागंल म्हून."

"काढावा लागेल, आजी. त्याचंही वजन धरलं गेलंय."

सुवर्णाने डोळे मिटून घेतले. रंगूबाईंनी कुरकुरत करदोडा सोडला. योगिनीने काटा शून्यावर आणून ओमला पुन्हा बसवलं. आकडा स्थिर होईपर्यंत सगळ्याजणी काट्यावर वाकून राहिल्या.

"सात किलो आठशे वीस!"

एकच कल्ला झाला. सुवर्णाने ओमला इतक्या जोरात उचललं, की तो दचकून रडायलाच लागला.

"कुठं नाय जायचं आता," ती त्याचे पटापट मुके घेत म्हणाली, "कुठंच नाय!"