पंधराशेच्या खाली

"काका, बटण?"

"अजून कुठं काय झालंय?" त्यानं विचारलं.

बाजूच्या सीटवर मांडीवर लॅपटॉप घेऊन बसलेली इंजिनीअर मुलगी पडद्यावरून नजर न काढता म्हणाली, "दोन सिलिंडर बंद झाले, काका. परत सुरू झाले, परत बंद झाले. तीनदा."

त्यानं आरशात पाहिलं, उगाचच. मागं ट्रॅक मोकळा होता. गाडी चौथ्या गिअरमध्ये, चाळीसच्या वेगानं, मुंगीच्या पावलानं चालल्यासारखी चालली होती. स्टिअरिंगवर एक छोटं बटण चिकटवलेलं होतं. इंजिनातले चारपैकी दोन सिलिंडर झोपले, की गाडीत होणारी थरथर ज्या क्षणी हाताला, पाठीला जाणवेल, त्या क्षणी त्यानं ते दाबायचं, एवढंच काम. सव्वीस वर्षं तो हेच करत आला होता. गाडी चालवायची आणि तिला काय होतंय ते सांगायचं.

"मग झकास जमलंय म्हणायचं तुमचं," तो म्हणाला. "मला काहीच नाही कळलं."

मुलीनं लॅपटॉप मिटला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. तीन वर्षं ती या इंजिनामागं लागली होती. छोट्या गाडीत, इंजिनाच्या कमी फेऱ्यांवर, दोन सिलिंडर बंद ठेवून पेट्रोल वाचवायचं, हे तिचं वेड. वरचे लोक म्हणायचे, मोठ्या इंजिनात ठीक आहे, छोट्यात गाडी कुथणार.

"काट्याला नाही कळलं म्हणजे कुणालाच नाही कळणार!" ती म्हणाली आणि जीभ चावली. त्याच्या तोंडावर त्याला कुणी काटा म्हणत नसे.

कारखान्यात त्याचं नाव काटा पडलं होतं ते तराजूच्या काट्यावरून. एकदा नुसतं सीटवर बसून त्यानं सांगितलं होतं, की इंजिनाचा डावीकडचा बोल्ट सैल आहे. पान्यानं तपासलं, तर अर्धा आटा सैल निघाला. तेव्हापासून भांडण कुठलंही असो, शेवटचा शब्द त्याचा. यंत्रं होतीच, पण यंत्र काय सांगतं ते ऐकून झाल्यावर साहेब विचारायचे, "आणि काटा काय म्हणतो?"

त्या संध्याकाळी घरी तो बूट काढत असताना बायको म्हणाली, "हे काय?"

मोज्याला टाचेपाशी रक्त लागलं होतं. बुटातून हरभऱ्याएवढा खडा निघाला. बायकोनं तो तळहातावर घेतला.

"कधीपासून आहे हा आत?"

"आत्ताच गेला असेल."

"आत्ताच? कातडं सोलून निघालंय! सकाळपासून यावर चालताय तुम्ही, आणि कळलं नाही?"

त्याला महिन्याभरातलं एकेक आठवायला लागलं. शर्टाची गुंडी बघितल्याशिवाय लागत नव्हती. खिशातल्या किल्ल्या चाचपून ओळखू येत नव्हत्या. चहाचा पेला त्यानं परवा धरला, तेव्हा बायको ओरडली होती, अहो, पोळेल! आणि त्याला तो कोमट वाटला होता. साखरेचं दुखणं अंगात दहा वर्षं होतंच. गोळ्या चालू होत्या, कधी चुकतही होत्या.

"डॉक्टरकडे चला उद्या."

"उद्या चाचणी आहे."

"मग परवा."

"डॉक्टरचा कागद कंपनीत जातो," तो म्हणाला. "हातापायांचं काही निघालं, की ट्रॅकवर पाऊल ठेवू देत नाहीत. झालं मग. बसा गेटवर."

"बसा ना गेटवर. काय बिघडलं?"

त्यानं बायकोकडं असं पाहिलं, की तिनं खडा गुपचूप खिडकीबाहेर टाकला. थोड्या वेळानं, विषय बदलावा म्हणून, तिनं विचारलं, "पण मला सांगा, चारातले दोन बंदच ठेवायचे, तर चार घेतलेत कशाला?"

त्याला हसू आलं. "चौघांनी जड पेटी उचलली समज. चढ संपला, सपाटी आली, की दोघांनी हात काढायचे. दमणूक वाचते. फक्त पेटी हलता कामा नये."

"आणि हलली तर?"

"म्हणून तर मी आहे," तो म्हणाला, आणि रक्ताळलेला मोजा बुटात कोंबला.

दुसऱ्या दिवशी मुलगी म्हणाली, "काका, आता आणखी खाली जाऊ. मिनिटाला पंधराशे फेऱ्यांवर चाललं, आता चौदाशे, तेराशे. थरथर नेमकी कुठं सुरू होते ते शोधू. जेवढं खाली, तेवढं पेट्रोल वाचेल."

तो गाडीत बसला. हात चोळून घेतले, मुठी सैल ठेवल्या, पाठ सीटला चिकटवली. काही नाही. कापसाच्या गादीवर बसल्यासारखं. ट्रॅकचे दोन फेरे झाले, तरी तेच. काहीच जाणवलं नाही असं तेराशेला म्हटलं, तर ही पोरगी हुशार आहे, तिला संशय येईल.

सिलिंडर बंद झाले की डॅशबोर्डवर एक हिरवा दिवा लागायचा. चालवणाऱ्याला आधी कळू नये म्हणून तिनं त्यावर काळी पट्टी चिकटवली होती. पट्टीची एक कड उन्हानं उचलली गेली होती. त्या कडेखालून, भाताच्या शिताएवढा, हिरवा उजेड दिसला.

त्यानं बटण दाबलं.

"बरोब्बर!" मुलगी म्हणाली. "कसं वाटतंय?"

"हलकंसं आहे. चालवणाऱ्याच्या लक्षातही येणार नाही. खपून जाईल."

पुढचे तीन आठवडे तो डोळ्यांत तेल घालून त्या कडेकडे बघत राहिला. आयुष्यात पहिल्यांदाच तो गाडी डोळ्यांनी चालवत होता. घरी येईपर्यंत मान आखडायची. एकदा मुलगी वैतागून म्हणाली, "काका, सीटखालचा मीटर म्हणतोय चौदाशेच्या खाली गाडी चांगलीच थरथरते. तुम्ही म्हणता हलकंसं. कुणाचं खरं धरू?"

त्या घटकेला त्याला बोलता आलं असतं. तसं तो पुढं कित्येक दिवस स्वतःला सांगत राहिला. प्रत्यक्षात तो हसला आणि म्हणाला, "मीटरला विचारा, सव्वीस वर्षं झाली का त्याला."

तीही हसली. तिनं मीटर बदलला, मग आणखी दोनदा बदलला. तेराशेचा आकडा कागदावर गेला. खाली त्याची सही झाली.

चार महिन्यांनी पहिल्या शंभर गाड्या निवडक लोकांना वापरायला दिल्या, आणि पत्रं यायला लागली. गाडी हळू चालवली की कुथते. स्टिअरिंग झिणझिणतं. सिग्नलनंतर दात वाजतात. एका म्हाताऱ्या बाईंनी तर आपलाच हात कापायला लागला असं समजून डॉक्टर गाठला होता. तपासण्या झाल्या, औषध सुरू झालं. मग मुलानं गाडी चालवून पाहिली, तेव्हा उलगडा झाला. ते पत्र कँटीनमध्ये वाचून दाखवलं गेलं आणि लोक पोट धरून हसले. तो ताट तसंच ठेवून उठला.

पंधरवड्यात निर्णय आला. छोट्या गाडीत चारही सिलिंडर कायम चालतील. मुलीची तुकडी मोडली. तिला सुट्या भागांच्या गोदामात, यादीच्या कामावर पाठवलं. मीटर वेगळं सांगत असताना तिनं तिकडं दुर्लक्ष केलं, असा शेरा तिच्या कागदावर पडला.

तो गोदामात गेला तेव्हा ती खोक्यांवर चिठ्ठ्या चिकटवत होती.

"बसा काका," ती म्हणाली. "काही काही इंजिनांचं नशीबच नसतं. तुम्ही नका वाईट वाटून घेऊ."

तो बसला नाही. "मला कळत नव्हतं," तो म्हणाला.

"काय?"

"थरथर. हाताला नाही, पायाला नाही, पाठीला नाही. मी पट्टीखालचा दिवा बघून बटण दाबत होतो."

ती चिठ्ठी हातात धरून तशीच उभी राहिली. चिठ्ठी तिच्या अंगठ्याला चिकटली.

"कधीपासून?"

"पहिल्या दिवशी मला ठाऊक नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून ठाऊक होतं."

"मी तीन मीटर बदलले, काका." तिचा आवाज अजिबात चढला नाही. "तिन्ही तेच सांगत होते. मी तिन्ही खोटे ठरवले. साहेबांशी भांडले. म्हटलं, काका चुकणार नाहीत."

"चुकलो."

"तुम्ही चुकला नाहीत. चुकला असतात तर..." तिनं अंगठ्यावरची चिठ्ठी ओरबाडून काढली. "नुसतं कळत नाही एवढं म्हणायचं होतं. मी पंधराशेवरच ठेवलं असतं. पंधराशेला चालत होतं, काका. व्यवस्थित चालत होतं."

तिनं चिठ्ठीची गोळी करून खोक्यावर ठेवली. गोदामात कुठंतरी पंखा घरघरत होता.

"मला राग आला आहे," शेवटी ती म्हणाली. "तो जाईल की नाही, मला खरंच सांगता येणार नाही. पण तुम्ही डॉक्टरकडे जा. आजच जा."

तो आधी साहेबांकडे गेला. सगळं ऐकून साहेबांनी कपाळाला हात लावला.

"आता सांगून काय उपयोग? इंजिन गेलं. आजारपणाची रजा घ्या, सन्मानानं निवृत्त व्हा. कशाला सव्वीस वर्षांवर पाणी ओतता?"

"तिच्या कागदावर शेरा आहे."

"असे शेरे येतात आणि जातात."

"जाणार असेल तर मी जाण्याआधी जाऊ दे," तो म्हणाला आणि टेबलावरचा कोरा कागद ओढला. पेन बोटात नीट धरता येत नव्हतं. मूठ करून, शाळेतल्या पोरासारखी मोठी अक्षरं काढत त्यानं लिहिलं, की आपल्याला काही जाणवत नव्हतं, आपण दिवा बघून बटण दाबलं, इंजिनीअरचा यात काहीही दोष नाही. साहेबांनी दोन ओळी सौम्य करा म्हणून सुचवलं. त्यानं केल्या नाहीत.

शेरा काढला गेला. इंजिन काही परत आलं नाही. मुलगी पुढं दुसऱ्या कंपनीत गेली असं त्यानं ऐकलं, कुणाकडून तेही आता आठवत नाही. त्याच्या निरोपाच्या दिवशी पाचसहा जण आले, आणि त्या दिवशी त्याला कुणी काटा म्हटलं नाही, पाठीमागंही नाही.

डॉक्टरांनी सांगितलं, गेलेलं परत येणार नाही, पुढं जाऊ द्यायचं नाही. रोज पाय तपासायचे. डोळे मिटून बसायचं, दुसऱ्यानं बोट लावायचं.

रविवारी सकाळी, आंघोळीआधी, तो खुर्चीत बसला. बायको समोर पाटावर बसली आणि तिनं त्याचा पाय मांडीवर घेतला.

"डोळे मिटा. आणि मला बरं वाटावं म्हणून हो म्हणायचं नाही."

"नाही म्हणणार."

"इथं?"

"नाही."

"इथं?"

"नाही."

अंगठा झाला, तळवा झाला, टाच झाली. ती प्रत्येक वेळी थांबत होती, आणि तो प्रत्येक वेळी खरं सांगत होता. घोट्याच्या चार बोटं वर तो म्हणाला, "हो. इथं."

"नक्की?"

"नक्की. तुझं नख लागलं."

बायकोनं केसांच्या अंबाड्यात खोचलेलं बॉलपेन काढलं आणि तिथं, पायाभोवती, एक निळी रेघ ओढली. त्यानं डोळे उघडून बराच वेळ ती पाहिली.

"आंघोळीत जाईल ही," तो म्हणाला.

"उद्या परत मारीन," ती म्हणाली. "असेल तिथं."