माइक धरणारे बाबा

दत्ताराम संध्याकाळच्या एसटीने परत आला नाही, तेव्हा शर्मिलाच्या मनात पहिल्यांदा आली ती वालावलची खाडी.

सकाळी तो अक्षयाला सोडायला गेला होता. मे महिन्याच्या सुट्टीत वालावलच्या शाळेत मुलांसाठी फिल्म बनवण्याचं शिबिर होतं आणि अकरावीची परीक्षा संपल्यापासून अक्षयाला दुसरं काही सुचत नव्हतं. जामसंड्याहून कुडाळ, तिथून वालावल, मुलीला पोचवायचं आणि परत यायचं. काम एवढंच, पण वर्षभरात दत्ताराम पहिल्यांदाच घरापासून इतका लांब गेला होता.

तो जहाजावर इंजिनरूममध्ये नोकरीला होता. यंत्रांच्या आवाजाने कान आधीच मंदावले होते, शेवटच्या सफरीत ताप आला आणि उरलंसुरलंही गेलं. कानात मशीन घातलं की नुसती खरखर. सुरुवातीला लोक भेटायला यायचे, त्याच्या कानाशी ओरडायचे आणि मग कंटाळून शर्मिलालाच विचारायचे, "ह्यांका आता बरा वाटता मा?" एकदा बाजारात कुणीतरी त्याला आपली आई गेल्याचं सांगितलं. याला काही कळलं नाही. हा हसून म्हणाला, "बरा जाला, बरा जाला." घरी आल्यावर काय घडलं ते त्याला लिहून दाखवावं लागलं. त्यानंतर तो बाहेर पडेनासा झाला. परसातल्या आंब्याच्या कलमाखाली बसून राहायचा. एका दुपारी आपणहून म्हणाला, "माझो आता कोणाक काय उपयोग?" शर्मिलाने हाताने 'असं बोलू नका' केलं, पण ते वाक्य तिच्या डोक्यातून गेलं नाही.

म्हणून तर त्या संध्याकाळी ती फाटकापर्यंत खेपा घालत होती. मुलांचे फोन शिबिरात काढून घेतलेले. शिबिर घेणाऱ्या अपेक्षाताईंचा नंबर लागत नव्हता. दत्तारामला फोन करून उपयोग नव्हता, आणि तिने पाठवलेले मेसेज त्याला पोचतच नव्हते.

"भिया नको गो," शेजारच्या काशीबाई म्हणाल्या. "गाडी चुकली आसतली. ल्हान पोर आसा काय तो?"

"ल्हान पोर आसता तर कोणाक वाट विचारून तरी इला आसता," शर्मिला म्हणाली.

उजाडताच पुतण्या धनेशने गाडी काढली. कुडाळपर्यंत ती अपेक्षाताईंचा नंबर लावत राहिली. वालावलची शाळा आली तर शाळेत फक्त चपला आणि पिशव्या. झाडणाऱ्या बाईने हात केला, "सगळी खाडयेर गेली हत."

खाडी म्हणताच शर्मिला धावत सुटली. माडांमधली वाट उतरून ती काठावर आली आणि तिला पाचपन्नास पावलांवर तो दिसला. धक्क्यावर एक म्हातारा होडीवाला आणि एक मुलगी बोलत होती, समोर कॅमेरा, भोवती दहाबारा मुलं श्वास रोखून उभी. त्यांच्या मागे दत्ताराम. दोन्ही हात डोक्याच्या वर ताणलेले, हातात लांब दांडा, आणि दांड्याच्या टोकाला केसाळ माइक, बोलणाऱ्यांच्या डोक्यावर अधांतरी.

एका मुलाने तोंडावर बोट ठेवून शर्मिलाला थांबायची खूण केली. पण तिच्याने आता थांबवत नव्हतं.

"अवोऽऽ!" ती ओरडली.

सगळे दचकून वळले. होडीवाला वळला, कॅमेऱ्यामागचा ओमकार नावाचा मुलगा वळला, अक्षया "आये!" म्हणून पुढे धावली. वळला नाही तो एकटा दत्ताराम. माइक तसूभरही न हलवता तो तसाच उभा होता. कानांवर हेडफोन लावलेली एक मुलगी त्याच्यासमोर बसली होती, सृष्टी नावाची. तिने तळहात खाली केला, तेव्हा त्याने दांडा उतरवला. मग तिने मागे बोट दाखवलं.

दत्तारामने मान वळवली आणि तो हसला. असा हसताना शर्मिलाने त्याला कितीतरी महिन्यांनी पाहिलं.

"तू कित्याक इलंस?" त्याने मोठ्याने विचारलं. आपला आवाज त्याला कळत नसे.

ती रडायलाच लागली. त्याला काही उमगेना. त्याने खिशातून फोन काढला, "मी कळवलंय गो तुका. ह्या बघ." मेसेज लिहिलेला होता: 'पोरांक मदत होई आसा. मी रवतंय. काळजी करू नको.' रेंज नसल्याने तो फोनमध्येच अडकून पडला होता.

शर्मिला रडतारडता हसली. तिने त्याच्या दंडावर एक चापटही मारली.

झालं होतं असं. माइक धरणारा मुलगा आजारी पडल्याने आला नव्हता. दुसऱ्या मुलांचे हात दोनतीन मिनिटांत भरून यायचे, माइक खाली येऊन चित्रात घुसायचा. दत्ताराम निघायच्या बेतात काठावर उभा होता. सृष्टी त्याच्याकडे गेली आणि तिने बोलायच्या ऐवजी दांडा पुढे करून खुणेनेच विचारलं, धराल का?

"तिका कसा कळला, ह्यांका ऐकाक येणा नाय ता?" शर्मिलाने अक्षयाला विचारलं.

"तिका कळलाच नाय, आये! शूटिंग चलता तेवा कोणीच बोलणा नाय. सगळा हातानंच. संध्याकाळी जेवताना माझ्याकडसून कळला तिका."

अपेक्षाताई जवळ आल्या. "त्यांच्याकडे तुमचा नंबर मागायला हवा होता, चूक आमची झाली," त्या म्हणाल्या. "पण एक विचारू? शिबिर संपेपर्यंत त्यांना राहू द्याल?"

शर्मिलाने नवऱ्याकडे पाहिलं. तो सृष्टीकडे बघत होता. तिने तळहात वर केला होता आणि त्याने दांडा उचललाही होता. तो शॉट पुन्हा घ्यायचा होता.

धनेशबरोबर परत जाताना ती गाडीतच झोपली, ती थेट जामसंड्याला जागी झाली.

त्या होडीवाल्याची फिल्म शिबिराच्या शेवटी शाळेच्या भिंतीवर दाखवली. दत्तारामला ऐकू येत नव्हतं, म्हणून मुलांनी संवाद खाली अक्षरांत लिहिले होते. ते पाहून पहिल्या रांगेतल्या एका आजींनीही "आता माका पण समाजता" म्हणून मोठ्याने दाद दिली.

याला आता दोन वर्षं झाली. शिबिरातल्या कुणाकुणाची गाठ सुटली, पण ओमकार, सृष्टी धरून पाचसहाजण सुटले नाहीत. ओमकार कॉलेजसाठी रत्नागिरीला गेला, सृष्टी ध्वनिमुद्रण शिकायला पुण्याला. तरी सुट्टी लागली की सगळ्यांचं बिऱ्हाड शर्मिलाच्या पडवीत. घावणे कितीही घाला, कमीच पडतात. शूटिंगच्या त्या मोजक्या खुणांची त्यांनी वाढवत वाढवत एक भाषाच केली आहे. चहा, भांडण, ओमकारची नक्कल, सगळं तीत बसतं. काशीबाईंनाही 'चहा नको, साखर वाढलीय' एवढं हातांनी सांगता येतं.

गेल्या आठवड्यात ही मंडळी विजयदुर्गला नव्या फिल्मसाठी गेली. जाताना, माइकचा दांडा खांद्यावर घेतलेल्या दत्तारामने रात्री तिथेच राहणार असल्याचं सांगितलं. शर्मिलाने डबा भरून दिला, फाटकापर्यंत गेली, आणि परत येऊन उन्हात कोकमाची सोलं वाळत घालायला लागली.