निळ्याचा दगड

ज्ञानेशने दगड घासला. चांगला तासभर घासला, आणि वर स्वतःवरच खूश झाला.

दगड हेस्टरबाईंचा. बाई मूळच्या इंग्लंडच्या, वय एक्याऐंशी, आयर्लंडमधल्या ड्रोहेडा गावात त्यांचा छोटा छापखाना. दगडावर तेलकट खडूने चित्र काढायचं, त्यावरून कागद छापायचे. प्रत्येक रंगाला वेगळा दगड. चित्रात ना घर ना झाड, नुसते रंग. पण लंडनमध्ये लोक बाईंचं नाव अदबीने घेतात. ज्ञानेश आठवडाभर हृदयात बसवायच्या स्टेंटच्या प्लांटमध्ये आणि शनिवारी बाईंकडे शिकायला. फी म्हणजे डबाभर पोहे.

"आज शेंगदाणे कमी आहेत," बाई तक्रार करायच्या.

"मुक्ता म्हणते, तुमच्या दातांना झेपत नाहीत."

"बायकोला सांग, म्हातारीच्या दातांवर जाऊ नकोस!"

नव्या चित्राचे पिवळा, लाल, राखाडी छापून झाले होते. राहिला होता निळा. हात थरथरायचा, म्हणून मनगट उशीवर टेकवून बाईंनी तो तीन आठवडे काढला. "हा झाला की मी सुटले," म्हणाल्या. आणि मंगळवारी पडल्या. अर्धांगवायू, उजवी बाजू.

शनिवारी ज्ञानेशने छापखाना उघडला, निदान आवरून तरी ठेवू म्हणून. प्लांटची सवय, टेबल चकाचक हवं. टेबलावर एक कोरा दगड होता. वापरून झालेला असणार, घासून पुढच्या चित्रासाठी तयार ठेवू. त्याने वाळू घेतली, पाणी घेतलं.

तिथून थेट हॉस्पिटल.

"बरं झालं आलास," बाई अडखळत म्हणाल्या. "निळा तूच छाप. टेबलावरच आहे. मी टर्पेंटाइनने पुसलाय, त्यामुळे कोरा दिसेल. घाबरू नकोस. चित्र आत मुरलेलं असतं, शाई फिरवली की वर येतं."

ज्ञानेशने एका दमात सांगून टाकलं.

बाईंनी मान त्याच्याकडे वळवली.

"किती वेळ घासलास?"

"तासभर."

"मग गेलं. सपाट झालाय?"

"हो."

"ओरखडा?"

"एकही नाही."

"ग्रँड. मी शिकवलं तसंच केलंस."

तो रडायला लागला. बाईंनी पेन मागितलं. त्याने खिशातलं काढून उजव्या हातात दिलं. बोटं मिटली नाहीत. पेन चादरीवर पडलं. त्याने परत दिलं. परत पडलं.

"उद्या बघू," बाई म्हणाल्या.

"हो, उद्या," तो म्हणाला, आणि त्यांची बोटं एकेक करून पेनाभोवती मिटवत बसला.