अलार्मचा रकाना

“या रांगेत कधी कुणी असतं तरी का?” साहेबांनी पडद्यावर बोट टेकवून विचारलं.

वायरबाईने खरं ते सांगितलं. “जवळजवळ कधीच नाही.”

“आणि जागा किती अडवलीये?”

“हजारातले चारशे खण.”

“आणि स्कॅनला?”

“तीनशे.”

“म्हणजे जो कधी येत नाही त्याच्यासाठी दिवाणखाना, आणि जो रोज येतो तो जिन्यात उभा.” साहेब हॉस्पिटलचे व्यवस्थापक होते. अशी वाक्यं त्यांना चहा पिता पिता सुचत, आणि सुचली की ते समोरच्याकडे बघून थोडं थांबत.

वायरबाई हसली. हे नाव तिला नर्सेसनी दिलं होतं. वायरींशी तिचा संबंध कधीच संपला होता, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. एकोणीस वर्षांपूर्वी ती इथे टेलिफोन ऑपरेटर म्हणून लागली. टेलिफोनचा बोर्ड गेला, ऑपरेटर गेल्या, ही तेवढी उरली. कारण नवीन मशीन आलं की ती त्याचं पुस्तक घरी नेऊन वाचायची. आता तळघरात, धुलाईखान्याशेजारच्या खोलीत, हॉस्पिटलचं सगळं नेटवर्क तिच्या हाताखाली होतं. मशीनसाठी खोली थंडगार ठेवावी लागे. ती बारा महिने स्वेटर घालून बसे.

काम तसं सोपं. मजल्यामजल्यावरून संदेश येतात आणि त्या खोलीतून पुढे जातात. एकाच वेळी फार आले, तर क्षणभर थांबायला मशीनच्या मेमरीत जागा असते. तो बफर. त्यात हजार खण. खण भरले की नंतर आलेला संदेश मशीन गाळून टाकतं. ओरडत नाही, सांगत नाही. फक्त गाळलेल्यांच्या आकड्यात एक वाढवतं. कुठल्या संदेशांना किती खण, हे वायरबाईने ठरवलं होतं. पेशंटच्या मॉनिटरचे अलार्म चारशे, फोन दोनशे, स्कॅन तीनशे, बाकी सगळ्यांना शंभर.

रोज सकाळी नऊ वाजता ती चारही आकडे रजिस्टरमध्ये उतरवी. स्कॅनच्या रकान्यात कधी सातशे, कधी दोन हजार. ते चालतं, चित्राचा तुकडा गळला तर पुन्हा मागवता येतो, डॉक्टर तेवढा वेळ वैतागतात. अलार्मच्या रकान्यात सहा वर्षं शून्य होतं. ती ‘वरीलप्रमाणे’ची खूण करत नसे. रोज नवं शून्य, गोल, तोंड मिटलेलं.

“एक करता येईल,” ती म्हणाली. “अलार्मचे खण रिकामे असतील तेव्हा स्कॅनला उसने द्यायचे. अलार्म आला की परत घ्यायचे.”

“मग इतके दिवस अडलं कुठे होतं?”

“सुचलं नव्हतं,” ती म्हणाली. ते मात्र खरं नव्हतं. सुचलं होतं महिन्यापूर्वीच. कुणीतरी विचारावं म्हणून ती थांबली होती.

दुपारी तिने बदल केला आणि लगेच तपासूनही पाहिला. तिसऱ्या मजल्यावरच्या एका रिकाम्या बेडच्या मॉनिटरवरून वीस खोटे अलार्म सोडले. वीसच्या वीस पोचले, डोळ्याचं पातं लवायच्या आत. स्कॅन इतके भराभर उघडायला लागले, की एका डॉक्टरांनी खाली फोन करून आभार मानले. एकोणीस वर्षांत हे दुसऱ्यांदा घडत होतं.

घरी आल्यावर तिने सासूबाईंना सांगितलं. नवऱ्याला जाऊन नऊ वर्षं झाली होती. दोघींना जोडणारा माणूस गेला, तरी दोघी एकमेकींना धरून राहिल्या होत्या. आणि दिवसभरात घडलेलं ऐकायला सासूबाईंशिवाय दुसरं होतं कोण?

“म्हणजे रिकामं दिसलं की वापरायला द्यायचं,” सासूबाई म्हणाल्या. “आणि मागितलं की परत.”

“हो.”

“माझी छत्री नेली शेजारणीने. मागितली तर म्हणते, अहो आत्ताच मुलगा घेऊन गेला. उद्या मागेन तर मुलगी घेऊन गेलेली असेल.”

“आई, हे मशीन आहे. शेजारीण नाही.”

“बरं बाई. तुझं मशीन माझ्या शेजारणीपेक्षा सज्जन असो,” असं म्हणून सासूबाईंनी दिवा मालवला.

नंतरच्या दहा दिवसांत कुणाचीच तक्रार नव्हती. अकरावा दिवस मंगळवार होता.

तिसऱ्या मजल्यावर टोकाच्या खोलीत एक निवृत्त बसड्रायव्हर होता. संसर्गाची खोली म्हणून दोन दरवाजे, दोन्ही बंद. आत मॉनिटर कितीही वाजला तरी बाहेर ऐकू येत नसे. नर्सच्या टेबलावरचा पडदा हाच त्या खोलीचा कान. टेबलावर मोठी सिस्टर होती. बावीस वर्षांची नोकरी, दुखरे गुडघे, आणि ज्युनिअर नर्सेस घाबरत असा आवाज. सकाळी अकरा चौदाला ड्रायव्हरचं हृदय अडखळलं. अकरा पंधराला सिस्टरचा पडदा लाल झाला. ती धावली. दोन मिनिटांत डॉक्टरही आले. अर्ध्या तासाने ते बाहेर आले आणि बाकावर बसलेल्या ड्रायव्हरच्या बायकोसमोर उभे राहिले, तेव्हा काही सांगायची गरज उरली नव्हती.

वायरबाई तेव्हा दुसऱ्या मजल्यावर एक फोन दुरुस्त करत होती. डोक्यावर पावलं धावताना तिने ऐकली. हॉस्पिटलात पावलं धावतातच. तिने स्क्रू घट्ट केला.

बुधवारी नऊ वाजता तिने रजिस्टर उघडलं. तारीख घातली, अलार्मच्या रकान्यात शून्य काढलं आणि मग पडद्याकडे पाहिलं. सहा वर्षांच्या सवयीने हात डोळ्यांच्या पुढे गेला होता.

पडद्यावर पाच होते.

पाच म्हणजे फार नाही, असं तिच्या मनात आलं. पुढच्याच क्षणी हिशेब उलगडला. पोच मिळाली नाही की मॉनिटर तोच अलार्म पुन्हा पाठवतो. आधी दोन सेकंदांनी, मग चार, मग आठ, सोळा, बत्तीस. दर वेळी दुप्पट थांबतो. पाच गळले, सहावा पोचला. एकूण बासष्ट सेकंद. गळल्याची वेळ मशीनमध्ये होती: मंगळवार, अकरा चौदा.

मग तिला तो मंगळवार कळला. त्या सकाळी जुन्या स्कॅनचा सगळा साठा नेटवर्कवरून नव्या कॉम्प्युटरवर हलवायला घेतला होता. हजारो चित्रं, सलग. स्कॅनचे तीनशे आणि उसने चारशे, सातशेच्या सातशे खण भरलेले. बाहेर पडताना अलार्मचा नंबर सगळ्यात पहिला होता, ते तिने नीट बघितलं होतं. पण बाहेर पडायला आधी आत यावं लागतं. एक खण रिकामा झाला की दारात गर्दी करून उभ्या असलेल्या चित्रांतलं एक त्यात घुसत होतं. अलार्म एकटा, दोन-चार सेकंदांनी येऊन दार वाजवणारा. परत मागायची सोय तिने केली होती. पण मागायला येणाऱ्यासाठी निदान दहा खण कायमचे अडवून ठेवायला हवे होते. ते तिने ठेवले नव्हते. आणि तपासलं होतं कधी, तर दुपारी जेवणाच्या वेळेला, मशीनला काही कामच नसताना.

तिने आधी चारशे खण पुन्हा अडवले. मग रजिस्टर मिटून ठेवलं. आत शून्य तसंच होतं.

दुपारी कँटीनमध्ये कळलं, की चौकशी लागली आहे. बेडजवळच्या मॉनिटरची नोंद अकरा चौदाची, सिस्टर खोलीत शिरली अकरा सोळाला. दोन मिनिटं बाई होत्या कुठे? शुक्रवारी समिती बसणार होती. ती बसण्याआधीच निकाल सगळ्यांना माहीत होता.

वायरबाई साहेबांकडे गेली आणि तिने सगळं सांगितलं. त्यांनी उठून दार लोटून घेतलं. मग म्हणाले, “हा पाचचा आकडा आणखी कुठे आहे?”

“मशीनमध्ये. बंद करून चालू केलं की पुसला जातो.”

“दर महिन्याला करताच ना तुम्ही बंद-चालू?”

“शनिवारी आहे.”

“उद्या करा.” त्यांनी पेनाचं टोपण लावलं. “हे बघा, डॉक्टर म्हणतात त्याचं हृदय आधीच दमलेलं होतं. एका मिनिटाने काय झालं असतं कुणाला माहीत. सिस्टरला दोन वर्षं राहिलीत, तिला घरी बसवतील, पेन्शन काही थांबत नाही. तुमची किती राहिलीत? तेरा? घरी म्हातारी सासू आहे ना?”

“आहे.”

“मग?”

संध्याकाळी ती तिसऱ्या मजल्यावर गेली. मोठी सिस्टर कपाटातली औषधं मोजत बसली होती. चौकशी होईपर्यंत तिला टेबलावरून काढून कपाटावर बसवलं होतं.

“काय गं वायरबाई, इकडे कशी? फोन तर चालू आहेत सगळे.”

“सहज आले.”

“सहज कुणी येत नाही माझ्याकडे कालपासून. मला बघितलं की सगळ्यांना वेगळ्या मजल्यावर काम निघतं.” तिने एक डबी सरकवली. “मी टेबलावरच होते गं. पाणीसुद्धा प्यायला उठले नव्हते. पडदा लाल झाला आणि मी धावले. पण काल रात्रभर तेच तेच आठवून आता मलाच वाटायला लागलंय, डोळा लागला होता की काय माझा. बसल्या बसल्या लागतो ना कधी. वय झालं.”

“नाही लागला.”

“तुला काय माहीत?”

वायरबाईच्या ओठांवर आलं होतं. ती म्हणाली, “तू झोपणारी नाहीस,” आणि जिना उतरली.

घरी सासूबाईंनी ताट वाढलं, तिने ते तसंच ठेवलं. “बोल,” सासूबाई म्हणाल्या. तिने सांगितलं. सगळंच, उसन्या खणांपासून. सासूबाईंनी छत्रीचं नाव काढलं नाही. त्यांनी तिचं ताट झाकून ठेवलं.

“ती बाई मनाने मान्य करत चाललीये, की चूक तिची आहे?”

“हो.”

“मग तुझी नोकरी वाचेल,” सासूबाई म्हणाल्या. “मला तुझ्या हातचं खाता येईल का, ते मला विचारू नकोस.”

गुरुवारी नऊ वाजता तिने रजिस्टर उघडलं. खाडाखोड करायची नाही, हा तिचाच नियम. चुकलेल्या आकड्यावर एक आडवी रेघ, शेजारी खरा आकडा, खाली सही. बुधवारच्या ओळीत तिने शून्यावर रेघ मारली, शेजारी पाच लिहिला, सही केली. मशीन बंद केलं नाही. शुक्रवारी रजिस्टर छातीशी धरून ती समितीच्या खोलीत गेली. साहेबांनी मान वर केली नाही.

समितीतल्या एकाने विचारलं, “हे शून्य आधी का लिहिलंत?”

“सवयीने.”

“आणि दुसऱ्या दिवसापर्यंत तसंच का ठेवलंत?”

“भीतीने,” ती म्हणाली. तेही त्यांनी लिहून घेतलं.

बाहेरच्या बाकावर ड्रायव्हरची बायको बसली होती. हातात कागदांची पिशवी. तिला कुणीतरी अर्धंमुर्धं सांगितलं असावं. “तो निरोप तुमच्याकडे अडला होता म्हणतात. खरं का हो?”

“खरं आहे. एक मिनिट आणि दोन सेकंद.”

“वेळेवर पोचला असता तर वाचले असते?”

वायरबाई तिच्या शेजारी बसली. काहीतरी बरं वाटेल असं बोलायला ती तोंड उघडत होती, पण ते खरं असेल की नाही हे तिला माहीत नव्हतं. “माहीत नाही,” ती म्हणाली. “कधीच कळणार नाही.”

बाईने मान हलवली. “एक मिनिट,” ती स्वतःशीच म्हणाली. “बस सुटायची झाली तरी हे एक मिनिट थांबायचे. मागून कुणी धावत येत असेल म्हणून.” मग तिने पिशवी उचलली आणि कुठल्या खिडकीत जायचं ते विचारलं. वायरबाई तिला खिडकीपर्यंत पोचवून आली.

मोठी सिस्टर आठवड्याने टेबलावर परत बसली. वायरबाईला महिनाअखेरची नोटीस मिळाली. साहेबांना काही झालं नाही. त्यांची सही कशावर नव्हतीच. नेटवर्क यापुढे बाहेरची कंपनी बघणार होती. तिथली माणसं रजिस्टर ठेवत नाहीत, असं कळलं.

शेवटच्या दिवशी जिन्यात सिस्टर समोर आली. दोघी थांबल्या. “मी दोन रात्री स्वतःला झोपाळू समजत होते,” सिस्टर म्हणाली. “तू जिन्यातून खाली गेलीस तेव्हा तुला माहीत होतं.”

“हो.”

सिस्टर बाजूला झाली आणि दुखरा गुडघा सांभाळत, एकेक पायरी चढून वर गेली. मागे वळून तिने पाहिलं नाही.

खोलीत आल्यावर वायरबाईने स्वेटर घातला. नऊ वाजायला दोन मिनिटं होती. ती उभी राहिली. नऊ वाजता तिने पेन खाली ठेवून आधी पडद्याकडे पाहिलं. स्कॅनची रांग तुडुंब भरलेली. शेजारी अलार्मचे चारशे खण, सगळे रिकामे. तिने आकडा वाचला, पुन्हा एकदा वाचला. मग पेन उचललं आणि रकान्यात एक शून्य काढलं, हळूहळू, तोंड मिटेपर्यंत.