डाव्या हाताचा नळ

“फॉर बेबी?” विल्मरनं विचारलं. न्हाणीघराच्या भिंतीवर, जेमतेम गुडघ्याएवढ्या उंचीवर, सुचित्रानं पेन्सिलीनं फुली मारली होती.

“नो, माय फादर.” ती बुटक्या स्टुलावर बसली आणि नसलेला तांब्या डोक्यावर ओतून दाखवला.

विल्मर खो खो हसला. “बकेट! माय मदर, सेम!”

तिला हायसं वाटलं. आधीचे दोन प्लंबर खांदे उडवून गेले होते. तिचा नवरा श्रीरंगही म्हणाला होता, “रीसेलला हे घर कोण घेणार यार, असला नळ बघून?” पण शेवटी पन्नाशीच्या या स्पॅनिश बोलणाऱ्या विल्मरला हर्नडन गावभर फिरून शोधून आणलं त्यानंच. टब निघाला, जमिनीला उतार आला, कोपऱ्यात जाळी बसली. तीन दिवस सुचित्रा रुहीला कडेवर घेऊन दारात उभी होती. टाइलची कपची, स्क्रू, खिळा, दिसेल ते उचलून खिशात टाकत होती. पोरगी रांगायला लागल्यापासून सुचित्राला जमिनीवर दुसरं काही दिसतच नसे.

बाबांनी, दिगंबररावांनी, नागपुरात चौतीस वर्षं घरोघरी पाण्याचे मीटर वाचले. दोन वर्षांपूर्वी अर्धांगवायूनं उजवी बाजू गेली, तरी ते अंघोळ स्वतः करत. दाराला आतून कडी लावून. अमेरिकेला यायचं म्हटल्यावर त्यांची एकच अट होती.

“त्या टबात माझा पाय चढायचा नाही. आणि मला कोणी अंघोळ घालायची नाही, सांगून ठेवतो. बादली, तांब्या आणि डाव्या हाताशी नळ. बस.”

एकोणीस तारखेचं तिकीट होतं.

फोन वाजला. रवींद्रदादा. नागपुरात संध्याकाळ झाली असणार.

“सुचे, घाबरू नकोस. बाबांना परत अटॅक आला, सकाळी. जिवाला धोका नाही म्हणतात.”

“मग?”

“डावा हातही गेला गं.”

रुही तिच्या कानातलं ओढत होती.

“तिकीट कॅन्सल करून टाक. डॉक्टर म्हणाले, आता प्रवास विसराच.”

“अंघोळ?” तिनं विचारलं.

“स्पंजिंग करतो ना मी. अंग पुसून होईस्तोवर डोळे घट्ट मिटून घेतात. बाकी काही नाही.”

फोन ठेवून ती आली, तेव्हा विल्मर ड्रिल रोखून थांबला होता. “लेफ्ट, नो?”

थांब म्हणायला हवं होतं. अजून भोक पडलं नव्हतं.

“येस,” ती म्हणाली. “लेफ्ट.”

दुपारी रुही झोपल्यावर विल्मरनं हाक मारली. नळ बसला होता. त्यानं तो सोडून दाखवला. बादली भरली, सांडलेलं पाणी मुकाट्यानं जाळीत गेलं. त्यानं स्टूल पुसून नळाशी ठेवलं. “सिट, सेन्योरा. ट्राय.”

सुचित्रा बसली. तिचे दोन्ही हात मांडीवर पडून राहिले.

विल्मर वाट बघत होता. हात नळाकडे जाईना, तसा त्याच्या कपाळाला आठी पडली. “टू फार?” त्यानं तिला खुणेनं उठवलं, कण्हत गुडघे टेकले आणि स्टूल चार बोटं नळाजवळ सरकवलं.

ती पुन्हा बसली.

“नाऊ?” त्यानं विचारलं.